‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ झाडीपट्टीत, जादूसकट कशी न्यावी

जेन ऑस्टेनची ही कादंबरी 1813 साली निघाली. ती भंडारा-गोंदियाकडच्या तलावांच्या मुलखात, जादूच्या जगात न्यायची असेल तर जादूच्या आधी वारसाहक्क बसवा. पाच मुली, मुलगा नाही, आणि बाप गेला की घरदार दूरच्या भावाकडे, या धाकावर सगळी गोष्ट चालते. आपल्याकडे त्यासाठी कुटुंब वाटणी न झालेलं दाखवावं लागतं. तेव्हाच्या रिवाजाने अशा कुटुंबात बापाचा हिस्सा भाऊबंदांकडे जाई. वाटणी झालेली दाखवलीत तर आधी बायको आणि मग मुली वारस ठरतात, आणि आईची लग्नाची घाई पोकळ वाटते.

काळ 1870 च्या आसपासचा घ्या. मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांना, गावाची मालकी इंग्रजी अमलात, 1860 च्या दशकात मिळाली. 1813 सालच्या गोष्टीत मालगुजार आणलात तर जाणता वाचक तिथेच थांबेल. शिवाय नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी तोवर उभी असते, त्यामुळे मूळ कादंबरीतल्या गोडबोल्या खलनायकाला, लष्करातल्या विकहॅमला, हुद्दा आयताच मिळतो. नायक-नायिका एकाच जातीचे ठेवा. अंतर गावांच्या संख्येचं असू द्या, त्याची बारा गावं आणि तिच्या बापाचं एक. जातीचं अंतर आणलं की ती वेगळी, फार जड कादंबरी होते.

आता जादू. एकच विद्या पुरे, पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध राखण्याची. ती वारसाहक्कासोबतच जावी. मुलीला सगळं येत असलं तरी गावाने पाळेवर तिचा शब्द मानू नये. किंमतही ठरवा: मृग लागल्यापासून हस्त संपेपर्यंत राखणाऱ्याने शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर विद्या त्या वर्षापुरती जाते.

हा नियम मूळ कथानकाला घट्ट बसतो. तिथे ओळख शरदात होते, नायकाची पहिली मागणी एप्रिलच्या सुमारास, आणि धाकटी पळते ऑगस्टमध्ये. आपल्याकडे ओळख भाऊबीजेनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्रीच्या दंडारीला, म्हणजे लोकनाट्याला, मागणी चैत्रात, आणि धाकटी श्रावणात कामठीच्या शिपायाबरोबर नागपूरहून मुंबईच्या गाडीत बसते. नागपूरला रेल्वे 1867 सालीच पोचली आहे. मूळ नायक तिच्यासाठी गुपचूप पैसे मोजतो. तुमच्या नायकाला भर पावसात पाळ सोडून जावं लागेल. पुस्तकातला सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि नायिकेला तो उशिरा, दुसऱ्याच कोणाच्या तोंडून कळायला हवा.

त्यासाठी पाळ नीट ठाऊक हवी. तुडुम, म्हणजे पाळेतली पाण्याची वाट, उघडून पाटात पाणी सोडतो तो पाणकर, जादाचं पाणी जातं सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून. सलंगात काडीकचरा अडकला तर पाणी पाळेवरून वाहतं आणि माती कापत जातं. दुसरा धोका खेकड्यांच्या बिळांचा. झिरपणारं पाणी नितळ आहे तोवर धीर धरता येतो. गढूळ झालं की आतली माती निघाली. नायिकेने ओंजळीत ते पाणी घेऊन रंग पाहावा, आणि पाणकराने एकदा तिच्याकडे, एकदा रिकाम्या वाटेकडे पाहावं. एवढ्यात तिचं ज्ञान, तिची अडचण आणि नायकाची गैरहजेरी तिन्ही दिसतात.

बहुतेक मसुदे मन वाचणाऱ्या मंत्रापाशी फसतात. मूळ पुस्तकाच्या 61 प्रकरणांपैकी 34व्यात मागणी धुडकावली जाते आणि 35व्यात नायकाचं पत्र येतं. त्या पत्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे नायिकेला एकटीने ठरवावं लागतं. खरं-खोटं सांगणारा मंत्र त्या जगात असेल तर पत्राला काम उरत नाही. प्रत्येक नव्या जादूला हीच कसोटी लावा.

करणी, मूठ, चेटकीण यांतलं काही घेऊ नका. चेटकीण ठरवून बायकांना मारहाण झालेल्या मुलखात ती सजावट होऊ शकत नाही. खलनायकाकडेही जादू नको, गोड बोलणं पुरे.

झाडीबोली फक्त संवादात ठेवा, निवेदन साधं. आणि नायकाने पहिल्या भेटीत नायिकेचं नाव घेऊ नये. दंडारीत तो मित्राला म्हणेल, “पाटलाची दुसरी पोरगी ना? ठीक हाये. पण तिच्यासाठी जागेवरून उठावं अशी नाही.” मागच्या रांगेत ती बसलेली असावी, आणि नेमका तेव्हा ढोलकीवाला थांबलेला असावा.