सुईच्या टोकावरचा नमुना आधी वाटून घ्या: मुलांच्या गाठींची एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी)

न्यूरोब्लास्टोमा (नर्व्हच्या कच्च्या पेशींचा), विल्म्स (किडनीचा), युइंग (मुख्यतः हाडाचा), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंचा), लिम्फोमा (लिम्फ पेशींचा): मुलांतले पाच कॅन्सर. नव्या रेसिडेंटला पाचही स्लाइडवर एकसारखेच दिसतात: लहान, गोल, गर्द निळ्या पेशी. म्हणून डोळा मायक्रोस्कोपला लावण्याआधी मुलाचं वय, गाठीची जागा आणि सीटी बघायचा.

किडनीची गाठ असेल तर सुई घालण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टला प्रोटोकॉल विचारा. अमेरिकेतल्या सीओजी या मुलांच्या कॅन्सरवरच्या गटाच्या पद्धतीत ऑपरेशनपूर्वी एफएनएसी केली तरी विल्म्स स्टेज ३ मध्ये, म्हणजे वरच्या टप्प्यात, जातो. युरोपातल्या सिओप या गटाच्या पद्धतीत तसं होत नाही. रेटिनोब्लास्टोमाचा (डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचा) संशय असलेल्या डोळ्यात मात्र सुई घालायची नाही, पेशी बाहेर पसरतात.

२३ गेजची सुई पुरते. पहिल्या पासच्या (सुई एकदा घालून काढलेल्या नमुन्याच्या) दोन स्लाइड करा. एक हवेत वाळवून गिम्सा रंगासाठी, दुसरी ताबडतोब ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पॅप रंगासाठी. काही सेकंद रेंगाळलात तरी पॅपमधली केंद्रकं फुगून फिकी पडतात. स्मिअर (स्लाइडवरचा पेशींचा पातळ थर) ओढताना वरच्या स्लाइडचं वजनच पुरे; दाबलीत तर पेशींऐवजी निळ्या रेघा मिळतील. शेजारी फॉर्मॅलिनची बाटली उघडी असेल तर तिच्या वाफेने वाळवलेल्या स्मिअरचा गिम्सा बिघडतो. ही चूक फार होते, आणि दोष मात्र रंगाच्या बॅचला दिला जातो.

वाळलेली एक स्लाइड तिथेच झटपट रंगवून बघा. पेशी सुट्या विखुरलेल्या आणि मधे सायटोप्लाझमचे निळसर तुकडे असतील तर लिम्फोमा धरा, पुढचा पास फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरचे मार्कर मोजणाऱ्या तपासणीसाठी) आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात टाका. नाहीतर तो सेल ब्लॉकला (पेशी मेणात बसवलेला ठोकळा) द्या. दोन स्लाइड फिश या जनुकीय तपासणीसाठी न रंगवता ठेवा.

खरी माहिती पार्श्वभूमीत असते. गुलाबी, बारीक तंतूंचं न्यूरोपिल दिसलं की न्यूरोब्लास्टोमा. रोझेटच्या (पेशींच्या फुलासारख्या रिंगणाच्या) मध्यभागीही हेच तंतू हवेत. पेशींचं प्रत्येक रिंगण म्हणजे रोझेट नव्हे. युइंगमध्ये फिक्या आणि गडद अशा दोन जातींच्या पेशी, फिक्यांत ग्लायकोजेनची छिद्रं. विल्म्समध्ये ब्लास्टेमासोबत (किडनीच्या कच्च्या पेशींसोबत) नळ्या किंवा लांबट पेशी शोधा. नुसता ब्लास्टेमा आला तर सीटीवाचून निदान करू नका, कारण न्यूरोब्लास्टोमा किडनीतही घुसतो.

इम्युनोत (पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तपासणीत) सगळ्यात जास्त फसवतो सीडी९९ हा मार्कर. तो पॉझिटिव्ह आला म्हणून युइंग लिहून मोकळं व्हायचं नाही. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही तो पॉझिटिव्ह येतो, आणि त्यात एलसीए (पांढऱ्या रक्तपेशींचा मार्कर) कधीकधी निगेटिव्ह असतो. टीडीटी (लिम्फोब्लास्टचा मार्कर) लावाच; युइंगसाठी एनकेएक्स२.२ हा मार्कर जोडीला घ्या. डेस्मिन या स्नायूंच्या मार्करचंही तसंच: विल्म्सचा ब्लास्टेमा डेस्मिन घेतो, म्हणून रॅब्डोचा शिक्का मायोजेनिन (स्नायूपेशींचा नेमका मार्कर) बघूनच मारायचा.

तरीही ठरत नसेल तर ‘मॅलिग्नंट स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ लिहून खाली शक्यता क्रमाने द्या. रिपोर्टच्या शेवटी सेल ब्लॉकमध्ये किती नमुना उरलाय आणि न रंगवलेल्या किती स्लाइड आहेत, तेही लिहा. ऑन्कॉलॉजिस्टचा पुढचा फोन त्यासाठीच येतो.