तपकिरी रंग म्हणजे विषाणू नव्हे

ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या रोगांचं निदान करणाऱ्या शाखेत, एमडीएसला आल्यावर प्रबंधासाठी मी ‘तोंडाचा कॅन्सर आणि पी१६’ हा विषय घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात समीकरण सरळ होतं: गाठीच्या स्लाइडवर पी१६ हे प्रथिन दिसलं की कॅन्सरमागे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा) विषाणू आहे. ते चुकीचं होतं, आणि ते कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. हा विषय घेणाऱ्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून लिहितेय.

आधी हे पक्कं करा की पी१६ विषाणूचं प्रथिन नाही, ते आपल्याच पेशीचं आहे. एचपीव्ही १६ सारखे घातक प्रकार पेशीत ई६ आणि ई७ अशी दोन प्रथिनं तयार करतात. ई६ मुळे पी५३ नष्ट होतं, म्हणजे डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच जातो. ई७ आरबी या प्रथिनाला निकामी करतं. पी१६ पेशीचं विभाजन रोखतं, पण आरबीच्या मार्फत. आरबीच नाही म्हटल्यावर पेशी पी१६ बनवत राहते, आणि थांबत मात्र नाही. सायकलचा ब्रेक करकचून दाबावा आणि तार तुटलेली असावी, तसं. पी१६ असेल तिथे स्लाइड तपकिरी रंगते; तो गडद तपकिरी रंग त्या दाबलेल्या ब्रेकचा आहे. म्हणजे पुरावा अप्रत्यक्ष.

तंबाखूच्या कॅन्सरची वाट वेगळी. तिथे पी५३ च्या जनुकातच बदल झालेले असतात आणि पी१६ चं जनुक अनेकदा गळालेलं किंवा बंद पडलेलं असतं. त्यामुळे तपकिरी रंग येत नाही, स्लाइड निळी राहते. माझ्या बहुतेक स्लाइड निळ्या आल्या आणि प्रबंध वाया गेला असं वाटून मी रडले होते. गाइड सर म्हणाले, “तू कुठल्या पेशंटचे ब्लॉक घेतलेस ते बघ की.” (ब्लॉक म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा.) गालाचा आतला भाग आणि हिरडी, जवळजवळ सगळे. आपल्याकडे तंबाखू-चुना जिथे धरून ठेवतात, तीच जागा.

जागा हीच या विषयाची किल्ली आहे. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ हा घशाचा भाग. तिथे पी१६ ला इतकं महत्त्व आहे की एजेसीसी या अमेरिकी संस्थेच्या कॅन्सर-वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह गाठींची स्टेजिंगच (टप्पे ठरवण्याची पद्धत) वेगळी केली आहे. हे रुग्ण उपचारांना चांगला प्रतिसादही देतात. तोंडाच्या पोकळीत मात्र एकट्या पी१६ वरून विषाणू आहे असं म्हणता येत नाही. फॉर्मवर नुसतं ‘जीभ’ लिहिलेलं असेल तर सर्जनना फोन करा, पुढची की मागची विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि शेवटी दोन केसेस काढून टाकाव्या लागल्या.

लॅबमधलं थोडं. साध्या स्लाइडवर सेक्शन (ब्लॉकचे पातळ काप) घेऊ नका, कोटिंग केलेल्याच वापरा. रंग देण्याआधी स्लाइड प्रेशर कुकरमध्ये तापवतात, तिथे माझी पहिली अख्खी बॅच सुटून तरंगली. प्रत्येक बॅचला टॉन्सिलचा कंट्रोल (रंग नीट बसला का हे ताडायचा नमुना) लावा. पॉझिटिव्ह म्हणायचं तर निदान ७०% गाठपेशींत मध्यम ते गडद रंग हवा, आणि तो केंद्रक व पेशीद्रव दोन्हींत. पेशीद्रवातच रंग असलेली एक स्लाइड मी आनंदाने पॉझिटिव्ह मोजली होती.

पीसीआर (विषाणूचा डीएनए थेट शोधायची चाचणी) करणार असाल तर फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे झालेले असतात हे लक्षात ठेवा. सुमारे ४५० बेस लांबीचा डीएनए-तुकडा शोधणाऱ्या एमवाय प्राइमरपेक्षा १५० च्या आसपासचा तुकडा शोधणारे जीपी५+/६+ जुन्या ब्लॉकवर बरे चालतात. बीटा-ग्लोबिन हे माणसाचं स्वतःचं जनुकही सापडलं नाही तर तो नमुना ‘निगेटिव्ह’ नव्हे, बाद. एका नमुन्याचा डीएनए दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन ब्लॉकच्या मध्ये ब्लेड बदला आणि मायक्रोटोम (काप घेणारं यंत्र) पुसा.

हिस्ट्री मात्र स्वतः घ्या, केसपेपरवरून उतरवू नका. “तंबाखू खाता का?” असं विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची. म्हणून नाव घेऊन विचारा: मिश्री, तपकीर, गुटखा, मावा, नुसती सुपारी. सुपारी तंबाखूशिवायही कर्ककारक आहे, हे आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ मध्येच प्रसिद्ध केलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी हिस्ट्रीत तो रोज येतो.

आणि ‘एचपीव्ही’ हा शब्द ओपीडीत जपून वापरा. तो लैंगिक संबंधातून पसरतो हे लोक मोबाइलवर वाचतात. गालाच्या कॅन्सरच्या एका पेशंटची बायको रिपोर्ट घेऊन एकटी परत आली. त्यावर पी१६ ची ओळ होती. “यांनी बाहेर काही केलंय का, मॅडम?” त्यांचा आवाज कापत होता. मी त्यांना बसवलं, ही तपासणी विषाणूची नाही हे सांगितलं, गाठ कुठे आहे आणि तिथे वीस वर्षं काय धरलं जात होतं ते समजावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पिशवीतून मिश्रीची डबी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मग ही?”

त्याच दुपारी मी त्यांचंही तोंड तपासलं. डाव्या गालात पांढरा चट्टा होता. बायोप्सी लगेच घेतली.