सबवूफरचा बेस मोजताना आणि सुधारताना या चुका टाळा

मोजमापाच्या ग्राफवर खड्डा दिसला, म्हणजे एखाद्या वारंवारतेला आवाज पडलेला दिसला, की तो ईक्यूने (ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) भरायचा मोह होतो. घरच्या थिएटरमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून आधी तिच्याबद्दलच.

आमची खोली १४ फूट लांब आणि सोफा बरोब्बर मधोमध. मोजल्यावर ४० हर्ट्झला खोल खड्डा दिसला आणि ८० च्या आसपास टेकाड, म्हणजे तिथे आवाज जास्त. मी ४० हर्ट्झला ९ डेसिबल चढवले. खड्डा होता तसाच राहिला; उलट स्फोटाच्या प्रसंगात सबवूफर फटफट करायला लागला. ४० हर्ट्झची अर्धी लहर १४ फुटांत नेमकी मावते. तिचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तिथे आवाज वाढवला तरी परतणारी लहरही तेवढीच वाढते आणि त्याला खोडते. शिवाय ९ डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरवर आठपट भार! शेवटी ईक्यू काढून टाकला, सोफा दीड फूट मागे घेतला आणि खड्डा बराचसा भरून आला.

टेकाडं मात्र जरूर कापा. पण तीन-चार खुर्च्यांवर मोजून, सगळीकडे दिसतं तेच कापा. एकाच जागेसाठी केलेला ईक्यू शेजारी बसलेल्याचा बेस बिघडवू शकतो.

आता मोजमापाबद्दल. फोनच्या माइकवर खालच्या बेससाठी विसंबू नका. युमिक-१ सारखा यूएसबी माइक आणि मोफत मिळणारं रूम ईक्यू विझार्ड हे मोजमापाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. माइकच्या सिरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची मोजण्यातली चूक भरून काढणारी) न विसरता लोड करा; माइक छताकडे रोखला असेल तर ९० अंशांची. माइकचं टोक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवं. पंखा आणि एसी बंद, रिसीव्हरचा (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचा) नाइट मोडही, म्हणजे मोठे-लहान आवाज जवळ आणणारी सोयही, बंद. ग्राफची रेषा सपाट करणारं स्मूदिंग काढून टाका. एक-तृतीयांश सप्तकाच्या स्मूदिंगमध्ये रेषा गुळगुळीत दिसते आणि खरे दोष झाकले जातात.

सबवूफरमागचं क्रॉसओव्हरचं बटण (कुठल्या वारंवारतेपर्यंतचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारं) कमाल आकड्यावर ठेवा, नाहीतर रिसीव्हरचा आणि त्याचा असे दोन फिल्टर एकावर एक बसतात.

सगळं झालं की पुढच्या स्पीकरांसह पुन्हा स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) वाजवून मोजा. क्रॉसओव्हरपाशी नवा खड्डा पडला असेल तर फिल्टरला हात लावू नका. रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर थोडंथोडं बदलत, दर वेळी मोजत जा.