टॉवेलचा कुबट वास कसा घालवावा, आणि जुन्या टॉवेलचं काय करावं

वाळलेला टॉवेल हातात घेतल्यावर ठीक वाटतो, पण ओल्या अंगाला लागला की कुबट वास सुटतो. मग पुढच्या धुण्याला चमचाभर पावडर जास्त पडते, आणि वास आणखी मुरतो. टॉवेलच्या सुताच्या फासांमध्ये अंगाचं तेल आणि न निघालेला साबण साठतो. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट थर बसवतात. त्या थरावर, ओल टिकली की, जिवाणू वाढतात. या वासामागे मोराक्सेला नावाचा जिवाणू असल्याचं जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. म्हणजे काम दोनच: थर काढायचा आणि ओल टिकू द्यायची नाही.

आधी थर बसलाय का ते बघा

धुऊन वाळलेल्या टॉवेलवर चमच्याने पाण्याचे चार थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत जिरले तर टॉवेल चांगला आहे. अळवावरच्या पाण्यासारखे गोल उभे राहिले, तर खाली दिलेली धुलाई करा. नवा टॉवेलही असाच वागतो, पण त्याचं कारण कारखान्यातली खळ. तो रात्रभर साध्या पाण्यात भिजवून एकदा धुतला की पुरे. त्या पाण्यात मूठभर मीठ टाकल्याने रंग पक्का होतो असं सांगतात. हल्लीच्या रंगांवर मिठाचा काही उपयोग होत नाही. पहिले दोन-तीन वेळा टॉवेल वेगळा धुवा, एवढंच.

थर काढण्याची धुलाई

१. बादलीत आधी नळाचं पाच लिटर पाणी घ्या, मग त्यात पाच लिटर उकळतं ओता. पाणी साधारण ६० अंशांवर येतं. हात घालू नका, काठी वापरा.

२. दोन टेबलस्पून धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा. खाण्याचा सोडा नको, तो या कामाला फार सौम्य पडतो. साबण, पावडर काही घालू नका.

३. दोनच मोठे टॉवेल बुडवा. चार कोंबले तर पाणी फिरत नाही. गडद रंगाचे वेगळे. दर अर्ध्या तासाने काठीने ढवळत दोन-तीन तास ठेवा. ‘स्वच्छ’ टॉवेलमधून करड्या रंगाचं गढूळ पाणी निघेल, वर कदाचित फेसही येईल. तो जुन्या पावडरचा.

४. पाणी फेकून दोनदा खळबळा. तिसऱ्या बादलीत अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढून पिळा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू नका. भरपूर फसफसतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि टॉवेल होता तसाच राहतो. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र नको. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रोजचं धुणं

आंघोळीचा टॉवेल तीन-चार वापरांनंतर धुवा, पावसाळ्यात दोन वापरांनंतर. हात पुसायचा नॅपकिन एक दिवसाआड. घरात कुणाला नायटा किंवा खरूज असेल तर त्याचा टॉवेल वेगळा, आणि तो रोज गरम पाण्यात.

७० बाय १४० सेंटीमीटरचा बऱ्यापैकी जाड टॉवेल कोरडा असताना साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. आठ किलोच्या मशीनमध्ये दहा-बाराच घाला, वर वीतभर जागा राहू द्या. पावडर पाकिटावरच्या मापाइतकीच. पाणी जड असेल तर पावडर वाढवण्याऐवजी टेबलस्पूनभर धुण्याचा सोडा टाका. कंडिशनर टॉवेलला नकोच: मऊपणा येतो तो त्याच्या मेणचट थरामुळे, आणि त्याच थरामुळे पाणी टिपलं जात नाही.

दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर टॉवेलला तेल आणि हळद दोन्ही लागतात. तेलाच्या जागी भांड्यांचा लिक्विड साबण थेट चोळून दहा मिनिटांनी गरम पाण्यात धुवा. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो. घाबरू नका, हळद क्षारात तशीच रंग बदलते. खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा होतो आणि दोन-तीन उन्हं लागली की फिका पडतो.

वाळवणं

पिळलेला टॉवेल दोन्ही टोकांना धरून सात-आठ वेळा जोरात झटका. दबलेले फास उभे राहतात आणि उन्हात वाळल्यावर होणारा खरखरीतपणा बराच कमी होतो. वलणीवर दुहेरी घालू नका, आतली बाजू ओलीच राहते. बाथरूमच्या दारामागचा हूक सर्वांत वाईट. तिथे टॉवेल घड्यांत लोंबतो आणि हवाही दमट.

जुलैत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही. दोनदा स्पिन करा, पंख्याखाली एकेरी पसरा, दोन टॉवेलांत वीतभर अंतर ठेवा. खरं तर पावसाळ्यात पंचा वापरावा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि ते शोभतंही, पण श्रावणात पातळ पंच्याची सर त्याला नाही: पंख्याखाली तो दुपारपर्यंत वाळतो.

विरल्यावर

टॉवेल आधी मधे विरतो, कडा शेवटपर्यंत दणकट राहतात. ७० बाय १४० च्या टॉवेलचे ३५ सेंटीमीटरचे आठ चौकोन निघतात. कडेचे जाड तुकडे ओट्यासाठी, मधले गाडी पुसायला. कापलेली बाजू सेंटीमीटरभर दुमडून दोनदा टीप मारा. तशीच सोडली तर फास सुटतात आणि मशीनची जाळी धाग्यांनी भरते. विरलेले दोन टॉवेल एकावर एक ठेवून तीन-तीन बोटांवर आडव्या टिपा मारल्या की पायपुसणं तयार. काचा पुसायला मात्र हे तुकडे नकोत, तंतू चिकटतात. त्याला जुनं धोतर किंवा पंचा. गरम भांडं उतरवायला घेतलं तर फडकं कोरडंच हवं. ओल्यातून वाफ थेट बोटांना लागते.