पुदिन्याच्या एन्झाइमने यीस्टमध्ये लिमोनीन बनवणे

सुरुवात जीन मागवण्यापासून. लिमोनीन म्हणजे संत्र्यात, पुदिन्यात असणारा सुगंधी द्रव. तो बनवणारे पुदिन्याचे एन्झाइम, लिमोनीन सिंथेस, झाडात लवकामध्ये (हरितलवकासारख्या पेशीतल्या कप्प्यात) काम करते. तिथे पोहोचण्यापुरता त्याच्या तोंडाशी ५७ अमिनो आम्लांचा तुकडा असतो. यीस्टमध्ये लवकच नाही, त्यामुळे हा तुकडा असला की प्रथिन नीट घडी होत नाही, गोळा होऊन पडते. तो काढा, ५८व्या आर्जिनीनच्या आधी मेथिओनीन लावा आणि कोडॉन (अमिनो आम्ल ठरवणारी डीएनएची तीन-अक्षरी खूण) यीस्टच्या सवयीचे करून घ्या.

खरी अडचण मात्र कच्च्या मालाची. लिमोनीन जीपीपी (जिरॅनिल पायरोफॉस्फेट) या रेणूपासून बनते आणि यीस्टचे ईआरजी२० एन्झाइम ते हाती लागू देत नाही, लगेच त्याचे एफपीपी (फार्नेसिल पायरोफॉस्फेट, पुढचा मोठा रेणू) करून टाकते. म्हणून ईआरजी२०ची एफ९६डब्ल्यू-एन१२७डब्ल्यू ही दोन अमिनो आम्ले बदललेली, बहुतेक जीपीपीवरच थांबणारी प्रत जोडीला द्या. मूळ ईआरजी२० उडवू नका. एर्गोस्टेरॉलसाठी एफपीपी लागते, त्याशिवाय पेशी मरते. सिंथेस आणि बदललेले ईआरजी२० हे दोन्ही जीन पीईएससी-युरा या प्लाझ्मिडच्या (जीन वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्याच्या) गॅल१ आणि गॅल१० प्रवर्तकांवर, म्हणजे गॅलॅक्टोजने जीन चालू करणाऱ्या खटक्यांवर, बसवा. जीपीपीच्या वाटेवर आधी येणाऱ्या एचएमजी१ एन्झाइमचा फक्त उत्प्रेरक भाग पीईएससी-ल्यू या दुसऱ्या प्लाझ्मिडवर घातला, तर वरून कच्च्या मालाचा पुरवठाही वाढतो.

आता प्लाझ्मिड पेशीत घालायचे. यीस्टचा बीवाय४७४१ हा वाण घ्या. वाढत्या अवस्थेतले ५ मिली कल्चर धुऊन पेशींवर क्रमाने ५०% पीईजी ३३५० (२४० मायक्रोलिटर), १ मोलर लिथियम अ‍ॅसिटेट (३६), उकळून बर्फात ठेवलेला सॅमन डीएनए (५०) आणि प्लाझ्मिड (पाण्यासह ३४) घाला. ४२ अंशांवर ४० मिनिटे ठेवा, मग युरासिल-ल्युसीन नसलेल्या प्लेटवर पसरा; तिथे प्लाझ्मिड घेतलेल्याच पेशी वाढतात. वसाहती तीनेक दिवसांत दिसतात.

रात्रभर २% ग्लुकोजमध्ये वाढवा, पेशी दोनदा धुवा, मग २% गॅलॅक्टोजमध्ये टाका. धुण्यात कंजूषी केली की उरलेले ग्लुकोज गॅल प्रवर्तक बंदच ठेवते. 'एन्झाइम चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच निघते. त्याच वेळी ५ मिली कल्चरवर ०.५ मिली डोडेकेन (लिमोनीन शोषून घेणारा तेलासारखा द्रव) ओता. ते नसेल तर लिमोनीन कापसाच्या बुचातून उडून जाते, आणि जे उरते ते पेशींना विषारी ठरते. ३० अंशांवर ७२ तास हलवत ठेवा.

वरचा थर सेंट्रिफ्यूजने वेगळा करा, इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये पातळ करून जीसी-एमएसला (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) द्या. ६८, ९३ आणि १३६ या वस्तुमानांची शिखरे शोधा, शेजारी रिकाम्या प्लाझ्मिडचा नमुना हवाच. वासावर विसंबू नका: पुदिन्याचे लिमोनीन डावे, संत्र्याचे उजवे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा, त्यामुळे संत्र्याचा वास येणार नाही. संत्र्याचेच हवे असेल तर लिंबाचा जीन घ्या.

जनुकबदल केलेल्या यीस्टसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी पहिल्या प्लाझ्मिडआधी घ्या. वापरलेले कल्चर ऑटोक्लेव्ह करूनच टाका. डोडेकेन मात्र आधी काढून सॉल्व्हंटच्या बाटलीत साठवा.