बंबाचं सरपण फोडताना या चुका टाळा

बंब धुमसतो, पाणी कोमटच राहतं, आणि घरात ठरतं की बंब जुना झाला, आता गिझर घेऊ. बंबात बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, सरपण चुकीचं फोडलेलं असतं. ग्वाल्हेरात जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. शहराच्या लष्कर भागातल्या ज्या जुन्या घरांत अजून तांब्याचा बंब पेटतो, तिथे ढलपी कशी असावी याला फार महत्त्व आहे, आणि ते शिकून घेण्यासारखं आहे.

माप न घेता कुऱ्हाड उचलणं

टालेवरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, ओंडके आले की लोक सरळ फोडायला बसतात. आधी बंबाच्या मधल्या नळीचं तोंड मोजा. सरपण त्या नळीत वरून पडतं, खालच्या जाळीवर जळतं, आणि जाळीखालून येणारी हवा ढलप्यांमधल्या फटींतून वर जाते. ढलपी नळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड झाली की ती मध्येच अडकते, हवा कोंडते आणि धूर तोंडावर येतो. वीतभर लांबी पुरते. नळीबाहेर डोकावणारं लांब लाकूड वरच्या टोकाला जळत राहतं आणि त्याची धग पाण्याला न लागता हवेत जाते.

उलट सगळंच काडीसारखं बारीक करू नका. बारीक सरपण भडकतं आणि बघता बघता विझतं. पाणी तापेपर्यंत माणसाला बंबाशेजारून हलता येत नाही. पेटवायला बोटाएवढ्या चिरफळ्या, मग दोन बोटं जाडीच्या ढलप्या. आकार तिकोनी ठेवा. ओंडका मधोमध उभा चिरून त्याच्या फोडी केल्या की प्रत्येक तुकड्याला धारदार कडा येते, आणि आग कडेला आधी धरते. सालीसकट राहिलेला गोल दांडा पेटायला फार वेळ घेतो.

ओलं लाकूड वजनावर घेऊन तसंच जाळणं

ही सगळ्यांत महागडी चूक. टालेवर लाकूड क्विंटलने मिळतं. ओलाव्याचं प्रमाण ४० टक्के असेल, तर १०० किलोंत ४० किलो पाणीच विकत घेतलं. तेच लाकूड १५ टक्क्यांपर्यंत वाळलं की वजन साधारण ७० किलो भरतं.

पैशांपेक्षा मोठं नुकसान आचेचं होतं. लाकडातलं एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्या उष्णतेत १० अंशांचं सुमारे १८ लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणजे आंघोळीची एक बादली धुराबरोबर गेली.

लाकूड अखंड ठेवून वाळत नाही. साल पाणी धरून ठेवते, ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि चिरलेल्या अंगांतून बाहेर पडतं. म्हणून होळीनंतर लगेच फोडा आणि एप्रिल-मेची लू (गरम कोरडा वारा) त्याला खाऊ द्या. आपल्या शहराचा उन्हाळा या एका कामासाठी फार चांगला आहे. डिसेंबरात आणून डिसेंबरात फोडलेल्या सरपणाकडून आचेची अपेक्षा धरू नका. वाळलंय का हे पाहायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो.

शीर, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, न पाहता घाव घालणं

घाव घालण्याआधी ओंडक्याचं कापलेलं तोंड नीट पाहा. वाळताना पडलेली भेग दिसेल, घाव तिच्या रेषेत. रुंद ओंडक्याच्या मध्यावर मारत बसू नका, कडेकडेच्या फोडी आधी काढा, गाभा शेवटी. गाठीवर कधीच मारू नये. गाठ टाळून बाजूने चिरा. कडुनिंब आणि शिसम यांची शीर एकमेकींत गुंतलेली असते, ही लाकडं सरळ उकलत नाहीत. दुबेळक्याचा ओंडका तर करवतीने कापलेला बरा.

पातळ पात्याची कुऱ्हाड तोडायला असते. फोडायला जाड, पाचरीसारखं पातं हवं. कुऱ्हाड रुतलीच तर दांडा आडवा पिळू नका, दांडा मोडेल. तिच्या पाठीवर घणही घालू नका, त्याने दांड्याचं भोक फाकतं आणि पोलादाची कपची डोळ्यात उडू शकते. घण लोखंडी पाचरीवर मारायचा, तोही चष्मा लावून. चपला घालून हे काम नको. चंबळच्या बीहडांत (घळींत) माजलेली विलायती बाभूळ आणली असेल तर हातमोजेही घाला. आच उत्तम देते, पण काटे वाईट.

थप्पी भिंतीला टेकवून, वरून खालपर्यंत ताडपत्रीत गुंडाळणं

अशी थप्पी आतून घामेजते, बुरशी धरते आणि वाळवीला घराच्या भिंतीपर्यंत वाट मिळते. खाली विटा, भिंतीपासून हातभर अंतर, ताडपत्री फक्त माथ्यावर. पावसाळ्यातही बाजू उघड्याच. दोन्ही टोकांना चौकोनी तुकडे आडवे-उभे रचून खांब करा, तिकोनी ढलप्या त्यांच्यामध्ये बसवा. छातीपेक्षा उंच रचू नका.

रंग किंवा सनमायका असलेली जुनी दारं-फळ्या बंबात घालू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो.

आणि चांगल्या सरपणाचा एक धोका सांगायलाच हवा. बाभळीच्या जाड ढलप्यांचा निखारा टिकतो, धूर जवळजवळ नसतो, म्हणून लोक तो घमेल्यात भरून खोलीत नेतात आणि थंडीमुळे दार लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. निखारे बाहेरच विझू द्या. बंब न्हाणीघरात असेल तर तो पूर्ण विझेपर्यंत झरोका उघडा हवा, आणि आंघोळीला बसण्याआधी दार काही वेळ उघडं ठेवा.