प्रेक्षकांच्या हातांनी भरणारी माटोळी : कलादालनात सहभागाचं मांडणशिल्प कसं उभारावं

गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिच्यात आडव्या-उभ्या रिपा आणि त्यांना लटकवलेली सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंजनं, आंबाडे, कवंडळं. ती सहसा एका माणसाची नसते. कुणी रानातून आणतो, कुणी वाख सोलतो, कुणी गाठी मारतो. प्रेक्षकांना सोबत घेऊन मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करायचं असेल तर याहून चांगला नमुना शोधायला गोव्याबाहेर जावं लागत नाही. खरी फळं मात्र दालनात आणू नका. ती चार दिवसांत सडतात, काहींच्या बिया विषारी असतात आणि चवथीआधीच रानावर पुरेसा ताण पडलेला असतो. चौकट माटोळीची घ्या, टांगायला पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, घ्या.

आधी एक गोष्ट पक्की करा : प्रेक्षकाने नेमकं काय करायचं? जपानी कलाकार यायोई कुसामांनी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या दालनात एक पांढरीशुभ्र खोली केली आणि येणाऱ्यांच्या हातात रंगीत गोल टिकल्या दिल्या. चिकटवा, एवढंच. कृती जेवढी सोपी, तेवढं माणूस मोकळेपणाने करतो. आपल्याकडे ती अशी : विरीच्या तुकड्यावर आपल्या दारच्या एका झाडाचं नाव, घरात म्हणतात तसं लिहायचं आणि टांगायचं. ‘निसर्गाविषयी विचार लिहा’ अशी पाटी लावलीत तर घोषवाक्यांचा ढीग जमेल. झाडाचं नाव विचारलंत तर माणूस क्षणभर थांबतो, शेजारच्याला विचारतो, आजीला फोन लावतो. देवनागरी असो की रोमी (रोमन), ज्याला जी लिपी हाताला आहे त्या लिपीत लिहू द्या.

चौकट

३ मीटर लांब, २ मीटर रुंद. पोफळीच्या २५ × १२ मिलिमीटरच्या रिपा २५ सेंटिमीटरच्या अंतराने : २ मीटरच्या १३, ३ मीटरच्या ९. एकूण ५३ मीटर. कडेला जाड पट्टी हवीच, नाहीतर मधोमध झोल येतो. पोफळीचं लाकूड उभं फाटतं, म्हणून स्क्रू मारण्याआधी ड्रिलने भोक पाडा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. खाऱ्या हवेत साधे पटकन गंजतात आणि गंजाचे डाग खाली टपकतात. आतल्या छेदांना स्क्रूऐवजी दोरीची फुलीगाठ पुरते.

चौकट जमिनीपासून २.३ मीटरवर टांगा. चार कोपरे आणि लांब बाजूंचे दोन मध्य, असे सहा आधार. सगळा भार मिळून वीस-पंचवीस किलोच होतो, पण कधीतरी एखादं मूल दोरीला लोंबकळणारच. म्हणून प्रत्येक आधाराला ८० किलो वाळूच्या गोण्या अर्धा तास टांगून बघा. ही चाचणी कधीच गाळू नका. खोट्या छताला काहीही अडकवू नका. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या भागातल्या जुन्या घरात दालन असेल तर तुळईला भोक न पाडता रुंद पट्ट्याने वेढा द्या. त्याआधी तुळई ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी असू शकते. तिथे टांगायचं नाही. छताचे पंखे बंदच ठेवा, उकाड्यासाठी भिंतीवरचे मंद सोडा.

दोऱ्या

३ मिलिमीटर जाडीची विणलेली गोल सुती दोरी घ्या. पिळाची दोरी टांगल्यावर उलगडत फिरते आणि तुकडे एकमेकांत गुंततात. रिपांचे छेद ११७, पण मधल्या तीन छोट्या रिपांना दोऱ्या बांधायच्या नाहीत. त्यामुळे चौकटीखाली एक मीटरची वाट राहते आणि चाकाची खुर्चीही आरपार जाते. उरतात ९० दोऱ्या. प्रत्येक दोरीला ०.९, १.१, १.३ आणि १.५ मीटर उंचीवर एकेक फास ठेवा : मुलाचा हातही पोचतो, उंच माणसालाही वाकावं लागत नाही. एक फास दहा-बारा सेंटिमीटर दोरी खातो. हे विसरून दोरी कापली की शेवटचा फास छातीपाशी येतो. दर दोरीला २.१ मीटर धरा आणि २०० मीटर आणा.

विरी

झाडावरून आपसूक गळलेली विरी फोंडा, सत्तरी, काणकोणच्या कुळागरांत (पोफळी-माडांच्या बागांत) सहज मिळते. ३६० फास आहेत. वाया जाणारं धरून सव्वाचारशे तुकडे लागतील. १२ × ८ सेंटिमीटरचे दहा-बारा तुकडे एका विरीतून निघतात, तेव्हा पन्नास विऱ्या आणा. ब्रशने घासून धुवा, वीस मिनिटं पाण्यात मऊ करून कापा आणि रात्रभर फळ्यांखाली दाबा. दाब दिला नाही तर वाळताना ती पन्हळीसारखी वळते आणि तिच्यावर लिहिता येत नाही. मग दोन दिवस ऊन दाखवा. ओलसर राहिलेल्या तुकड्यावर आठवड्यात बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात प्रदर्शन असेल तर विरी उन्हाळ्यातच तयार करून ठेवा.

कापताना विरीचे धागे आडवे राहू द्या. उभे राहिले तर भोकापासून काठापर्यंत चीर जाते. चामड्याच्या पंचने वरच्या काठापासून दीड सेंटिमीटरवर भोक पाडा आणि त्यात ३० सेंटिमीटर दोऱ्याचं बंद कडं आधीच ओवून ठेवा (१३० मीटर दोरा लागतो). प्रेक्षकाने ते कडं फासातून घालायचं, त्यातून तुकडा ओढायचा. गाठ मारावी लागत नाही, सहा वर्षांचं मूलही करतं. लिहायला जाड टोकाचे, न पुसणारे काळे मार्कर घ्या. बारीक टोक धाग्यांत अडकतं, पाण्याची शाई दमट हवेत पसरते.

दालन उघडल्यावर

सहा जागांचं टेबल आणि त्याजवळ मुलांसाठी अर्धा मीटर उंचीचं दुसरं. माणशी आठ मिनिटं धरली तर सहा जागांवर तासाला ४५ तुकडे होतात, म्हणजे आठ तासांत चौकट भरते. एका दिवसात भरू नये असं वाटत असेल तर रोज ९० तुकडेच बाहेर काढा. दोन कार्यकर्ते पुरे. त्यातला एक चौकटीखालीच हवा.

रिकाम्या चौकटीला पहिला हात लावायला कुणी धजत नाही. उघडण्याआधी तीसेक तुकडे तुम्हीच टांगा, पण साध्या, घाईच्या अक्षरात आणि चौकटभर विखरून. सुंदर सुलेखन टांगलंत तर ‘माझं अक्षर वाईट आहे’ म्हणून लोक मागे सरतात. कार्यकर्त्याने प्रेक्षकाचा तुकडा उचलून ‘बरी जागा’ शोधू नये. एका कोपऱ्यात गर्दी झाली तर होऊ दे, ती प्रेक्षकांनी केलेली रचना आहे. कुणी पूर्ण नाव किंवा फोन नंबर लिहिला तर तेवढा तुकडा बदलून द्या.

उतरवण्याआधी प्रत्येक नाव, लिहिलंय तसंच, वहीत उतरवा. एकाच झाडाची पाच गावांतली पाच नावं शेजारी-शेजारी मांडा आणि ती वही दालनातच ठेवा. दोऱ्या सोडवून गुंडाळा, त्या पुन्हा चालतात. विरीचे लिहिलेले तुकडे ज्याला हवे त्याला घरी नेऊ द्या. कोरे राहिलेले आणि कापताना उरलेले तुकडे कुळागरात परत टाका, तिथे ते माडांच्या बुंध्याशी कुजून जातात.